पाणी येतं, तिकडूनच अडवा
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषणाचे शब्दांकन)



संस्थेला 25 वर्षे झाली, आनंदाची गोष्ट आहे. पण एवढ्या वयाच्या इमारतीला जपावं लागतं, म्हणून आज मी गळतीवर बोलणार आहे.

आपण धानाच्या मुलखातले लोक. खेकड्यानं धुऱ्याला एक बीळ पाडलं, की रात्रीतून बांधी रिकामी होते. ते बुजवताना जाणता शेतकरी चिखल कोणत्या बाजूनं दाबतो? पाण्याच्या बाजूनं. पलीकडून दाबला, तर पाणीच तो ढकलून देतं. निम्मं शास्त्र यातच आलं.

आपल्या गोसीखुर्द धरणाला 33 दरवाजे आहेत. लोखंडी दरवाजा वर-खाली व्हायचा, तर कडेला फट राहणारच. ती रबरी सीलनं बंद करतात. सील असं बसवतात, की पाण्याचा दाबच त्याला फटीवर घट्ट बसवतो. 10 मीटर खोलीवर हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो असतो. आतून झाकण लागणाऱ्या कुकरच्या रिंगचंही तेच: वाफ वाढली, की रिंग आणखी आवळते.

फिरत्या यंत्राची गोष्ट वेगळी. पंपाच्या ग्लँडमध्ये दोरी भरलेली असते. तिथून थोडे थेंब पडू द्यायचे, त्यानं शाफ्ट थंड राहतो. थेंबही नको म्हणून नट आवळत गेलात, तर दोरी जळते, शाफ्ट झिजतो आणि मग धार लागते. मेकॅनिकल सीलच्या पंपातून मात्र पाणी दिसलं, तर सील गेलं समजा.

आणि रबर कायमचं नसतं. 28 जानेवारी 1986 ला अमेरिकेचं चॅलेंजर यान कोसळलं, सात जण गेले. थंडीनं रॉकेटच्या सांध्यातली रबरी रिंग कडक झाली होती, ती वेळेत सांधा बंद करू शकली नाही.

आता आपल्या घरात या. वरच्या बाथरूममधलं पाणी खालच्या छताला डाग पाडतं. खालचे भाऊ पुट्टी मारतात, रंग देतात. हा झाला धुऱ्याच्या पलीकडून दाबलेला चिखल! पाणी स्लॅबमध्येच राहतं, सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट फुटून पोपडे पडतात. म्हणजे प्रश्न डागाचा नाही, सळईचा आहे. उपाय वरूनच हवा. नहाणी ट्रॅपचा सांधा तपासा, लादीखाली वॉटरप्रूफिंग करा, आणि लादी बसवण्याआधी दोन दिवस पाणी साठवून पाहा.

वरचे ताई-दादा म्हणतात, "आमच्याकडं तर काहीच गळत नाही." खरंच आहे, त्यांना दिसणारच नाही. म्हणून विनंती, प्लंबरला दार उघडा. आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, पावसाचं पाणी आणि सामाईक पाइप यांचा खर्च संस्थेचा. संडास, सिंक यांच्या घरातल्या गळतीचा त्या त्या सभासदाचा. इमारत 15 ते 30 वर्षांची असेल, तर दर 5 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिटही करायचं आहे.

रोषणाई झाली, जेवणं होतील. पण यंदा मृग लागायच्या आत गच्ची आणि प्रत्येक बाथरूम एकदा तपासून घेऊ. आपल्या नातवंडांना याच स्लॅबखाली झोपायचं आहे.