नाव झाकलं तरी ओळखू यावं

संध्याकाळच्या फिशपाँडची वाट बघत दुपारचं भाषण सहन करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं आत्ता माझा परिचय वाचला. फार छान वाचला. पण एक कबुली देते, तो परिचय मीच लिहून पाठवला होता. मागच्या आठवड्यात फोन आला, "मॅडम, तुमचा अल्प परिचय पाठवा." प्रमुख पाहुण्यांचं कौतुक बहुतेक वेळा असंच पाहुण्यांच्या हातचं असतं.

परिचय चालू असताना मी तुमच्याकडे बघत होते. 'वरिष्ठ बिझनेस अॅनालिस्ट' म्हटल्यावर निम्म्या सभागृहानं मोबाईल काढला. 'बँकिंग आणि विमा क्षेत्रातला १८ वर्षांचा अनुभव' ऐकून तिसऱ्या रांगेत एकानं मनापासून जांभई दिली. मग आलं, 'याच रंगमंचावर नाटकाच्या वेळी पडदा अडकला, तेव्हा स्टुलावर चढून दोन्ही हातांनी पडदा ओढून नेणारी विद्यार्थिनी', आणि टाळ्या पडल्या. टाळ्या कुठे पडल्या ते लक्षात ठेवा. माझं सगळं भाषण त्या जागेबद्दल आहे.

प्राचार्य सरांनी विषय दिलाय, बिझनेस अॅनालिस्टच्या नोकरीसाठी सीव्ही कसा लिहावा. बी.कॉम., बीबीए, बीसीए केलेल्या मुलांना ही नोकरी हल्ली खुणावते. पण माझं काम काय, हे माझ्या आईला अजून सांगता येत नाही. शेजारणीनं विचारलं की ती म्हणते, "कॉम्प्युटरमध्ये आहे." तेव्हा आधी कामाबद्दल बोलू.

आज सकाळी स्वारगेटहून एसटीनं आले. कंडक्टरनं अर्धं तिकीट दिलं. १७ मार्च २०२३ पासून आपल्या एसटीत सगळ्या महिलांना निम्मं भाडं आहे. निर्णय एका ओळीचा, महिलांना ५० टक्के सवलत. आता ही ओळ तिकिटाच्या मशीनला कशी कळणार? पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफतच आहे, मग ७६ वर्षांच्या आजींना कुठली सवलत लावायची? लहान मुलांना आधीपासून अर्धं तिकीट आहे, मग आठ वर्षांच्या नातीचं अर्ध्याचं अर्धं करायचं का? गाडी बेळगावला जाणारी असेल तर राज्याची हद्द ओलांडल्यावर काय? आरक्षणाचे पैसे निम्मे की पूर्ण? आणि रात्री डेपोत हिशेब देताना कुठल्या सवलतीची किती तिकिटं गेली, ते वेगवेगळं दिसायला हवं की नको?

असं कुठलंही काम घ्या. निर्णय घेणारे एका बाजूला असतात, प्रोग्रॅम लिहिणारे दुसऱ्या बाजूला. मधे उभं राहून हे प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहून काढायची, दोन्ही बाजूंना तीच उत्तरं मान्य आहेत ना ते बघायचं, आणि मशीन तयार झालं की आजी आणि नात दोघींचं तिकीट काढून पडताळायचं. आमच्या ऑफिसात याला रिक्वायरमेंट गोळा करणं, यूजर स्टोरी लिहिणं, यूएटी घेणं अशी भारदस्त नावं आहेत. आपल्या गावात याला नसत्या चौकशा म्हणतात. मला त्यांचा पगार मिळतो, इतकाच फरक.

आता सीव्हीकडे येते. माझा पहिला सीव्ही, म्हणजे तेव्हाचा बायोडाटा, स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत तयार झाला. कॅफेवाल्याकडे एकच फाईल होती. तो नाव बदलून प्रिंट काढायचा. माझे छंदही त्यानंच ठरवले: वाचन, संगीत, प्रवास. माझा प्रवास तोवर जोतिबा आणि पंढरपूर. स्वभाव कष्टाळू, प्रामाणिक आणि मनमिळाऊ. तळाशी 'वरील सर्व माहिती सत्य आहे' आणि त्याखाली माझी झोकदार सही. पुण्यात पहिल्या मुलाखतीला समोरच्या साहेबांनी तो कागद शांतपणे वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "यात तुम्ही पुरुष आहात असं लिहिलंय. हेही सत्य आहे का?" आधीच्या गिऱ्हाइकाचं तसंच राहून गेलं होतं.

त्या कागदावर वडिलांचं नाव होतं, धर्म होता, उंची होती, वैवाहिक स्थितीही होती. त्यात रास, नाडी आणि मामांचं आडनाव घातलं असतं, तर तोच कागद वधू-वर सूचक मंडळात चालला असता. लग्नाच्या बायोडाट्यात तुम्ही कोणाचे कोण हे बघतात. नोकरीच्या सीव्हीत तुम्ही काय केलंत ते बघतात. म्हणून धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय, आधार आणि पॅनचे नंबर आजच्या आज काढून टाका. तो कागद किती हातांतून जाईल, याचा नेम नसतो.

आज मी टेबलाच्या पलीकडे बसते. एका जागेसाठी सीव्हींचा ढीग येतो, आणि पहिल्या फेरीत एकेका कागदाला अर्धं मिनिटही मिळत नाही. मजा बघा. सायबर कॅफे गेला, एआय आलं, आणि सगळ्यांचे सीव्ही पुन्हा एकसारखे झाले. जो तो 'रिझल्ट ओरिएंटेड', ज्याला त्याला 'डायनॅमिक' कंपनीत काम करायचंय. एआयकडून इंग्रजी तपासून घ्या, माझी काही हरकत नाही. पण तुमच्या हातून काय घडलं ते त्याला ठाऊक नाही. तुम्ही सांगितलं नाहीत तर तेही कॅफेवाल्यासारखं तुमचे छंद ठरवून मोकळं होईल.

मध्यंतरी एक मुलगा मुलाखतीला आला होता. बीसीए झालेला, शेतकऱ्याच्या घरचा. सीव्हीत 'एमएस ऑफिसचं उत्तम ज्ञान' आणि 'टीम प्लेअर'. मी विचारलं, "एक्सेल कशासाठी वापरलंत?" तो ओशाळला. म्हणाला, "गावात डेअरीवर, मॅडम. तसं काही विशेष नाही."

"सांगा तरी."

मग त्यानं सांगितलं. गावातल्या दूध संकलन केंद्रावर तो सकाळ-संध्याकाळ लिहायला बसायचा. लिटर, फॅट, एसएनएफ, दर. दहा दिवसांनी बिल निघायचं, आणि बिलाच्या दिवशी भांडण ठरलेलं: 'माझं दूध कमी धरलंय.' सगळ्यांचा संशय फॅटच्या मशीनवर. यानं तीन बिलांच्या नोंदी वहीतून एक्सेलमध्ये उतरवल्या आणि ज्यांची तक्रार होती तेवढ्यांच्याच ओळी बाजूला काढल्या. तेव्हा दिसलं, भांडणारे बहुतेक जण एकाच भावकीतले. नाव तेच, आडनाव तेच, असे चार सभासद, आणि पहाटेच्या घाईत एकाचं दूध दुसऱ्याच्या खात्यावर. मशीनचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. यानं नावाच्या आधी सभासद क्रमांक लिहायची पद्धत पाडली आणि बिलाच्या आदल्या दिवशी यादी भिंतीवर लावायला सुरुवात केली. आधी एका बिलाला नऊ तक्रारी यायच्या. पुढच्या बिलाला एक आली.

"आणि ती एक?" मी विचारलं.

"ती खरंच मशीनची होती, मॅडम."

मी म्हटलं, "अहो, वर्षभर तुम्ही हेच काम करताय. मग हे कागदावर कुठंय?" कागदावर तो 'टीम प्लेअर' होता.

ती ओळ आम्ही तिथंच बसून लिहिली. 'दूध संकलन केंद्रातील १४० सभासदांच्या तीन बिलांच्या नोंदी एक्सेलमध्ये पडताळल्या, सारख्या नावांमुळे होणारी चूक शोधली, सभासद क्रमांकाची पद्धत सुरू केल्यावर एका बिलामागच्या तक्रारी ९ वरून १ वर आल्या.' सीव्हीत ती इंग्रजीत जाईल, पण सांगाडा हाच. काय अडलं होतं, मी काय केलं, नंतर काय बदललं. आमच्या यूजर स्टोरीतही तीनच गोष्टी असतात: कोणाला, काय हवंय आणि कशासाठी. ज्याला स्वतःची गोष्ट अशी मांडता येते, तो उद्या गिऱ्हाइकाचीही मांडेल, असा आमचा हिशेब असतो. तुमचा सीव्ही हे तुम्ही लिहिलेलं पहिलं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट आहे. त्यातच गोंधळ असेल तर पुढचं कोण वाचणार?

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे डेअरी नाही. या गॅदरिंगचा जमाखर्च कोणी ठेवला? हॉस्टेलच्या मेसमध्ये रोज पोळ्या उरायच्या, त्या कोणी मोजल्या? मामाच्या मेडिकल दुकानात मुदत संपत आलेली औषधं कोणी वेगळी काढली? लोक कुठं अडतात हे बघून तुम्ही काही बदललं असेल, तर ते लिहा. फक्त निरीक्षण केलं असेल तर तसं लिहा. आकडा असेल तर द्या, नसेल तर बनवू नका. सीव्हीतल्या प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारून बघा: कसं केलं, का केलं, कशावरून? तिसऱ्या प्रश्नाला जी ओळ लटपटते, ती तुम्ही स्वतःच खोडा. मुलाखतीत ती मी खोडायला लागले, तर शेजारच्या चार खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो.

आता थोडी व्यवहाराची यादी. ज्यांना झोप आलीय त्यांनी एवढ्यापुरतं जागं व्हावं.

जाहिरात पेन्सिल घेऊन वाचा. कंपनीला काय हवंय, ते तिथं लिहिलेलं असतं. एका जाहिरातीत एसक्यूएल आणि डॅशबोर्डवर भर असतो, दुसरीत प्रोसेस फ्लो आणि क्लायंटशी बोलण्यावर. दोन्हीकडे तोच कागद पाठवला, तर दोन्हीकडे तो निम्माच लागू पडतो. जे काम तुम्ही खरोखर केलंय, त्याला जाहिरातीतलाच शब्द वापरा. कारण बऱ्याच मोठ्या कंपन्यांत सीव्ही आधी सॉफ्टवेअरच्या हातात पडतो, आणि मग तेच शब्द शोधले जातात. रंगीत चौकटी, दोन रकाने आणि एसक्यूएलपुढे पाचपैकी चार चांदण्या यांत ते सॉफ्टवेअर अडखळू शकतं. चांदण्यांचा अर्थ तर मलाही कळत नाही. 'तीन टेबल जोडून मासिक विक्रीचा अहवाल काढला' असं लिहिलंत तर कळतो.

नवख्यांनी एका पानात आटपावं. वर नाव, मोबाईल, शहर आणि सरळ नावाचा ईमेल. शाळेत असताना काढलेला 'किलर बॉय' आता निवृत्त करा. मग तुम्ही कोण आणि कुठलं काम शोधताय, याच्या दोन ओळी. मग प्रोजेक्ट आणि इंटर्नशिप, मग कौशल्यं, मग शिक्षण. फाईलला स्वतःचं नाव द्या, माझ्याकडे 'फायनल-फायनल-२' नावाच्या फायलींचा ढीग आहे.

सर्टिफिकेटबद्दल मुलं हमखास विचारतात. या क्षेत्रातली जगभर ओळखली जाणारी संस्था आयआयबीए, २००३ साली कॅनडात सुरू झालेली. तिचं ईसीबीए हे प्रमाणपत्र अनुभव नसलेल्यांनाही घेता येतं. तिच्याच सीबीएपीला मात्र मागच्या दहा वर्षांतलं ७,५०० तासांचं काम दाखवावं लागतं. ते बघून आत्ताच घाबरू नका. परवडत असेल तर ईसीबीए जरूर करा, पण डेअरीच्या त्या ओळीची जागा ते घेणार नाही.

मित्रांनो, हे सगळं विसरलात तरी चालेल. एक परीक्षा तेवढी लक्षात ठेवा, आणि ती तुम्ही आज संध्याकाळी याच सभागृहात बघणार आहात. फिशपाँड! लायब्ररीच्या दाराशी ठेवलेला चिठ्ठ्यांचा तो डबा मी येताना बघितला. चांगल्या फिशपाँडला नाव लागत नाही. चिठ्ठी वाचून व्हायच्या आत अख्खं सभागृह मान वळवून नेमक्या त्याच मुलाकडे बघतं. 'कष्टाळू आणि मनमिळाऊ' असा फिशपाँड आला तर कोण मान वळवेल? घरी गेल्यावर आपल्या सीव्हीवरचं नाव अंगठ्यानं झाका आणि शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला वाचायला द्या. तिनं "अय्या, ही तर तू!" म्हटलं तर पाठवा. "कोणाचा आहे?" विचारलं, तर पुन्हा लिहायला बसा.

जाता जाता माझा फिशपाँड सांगते. शेवटच्या वर्षाला होते. निवेदकानं चिठ्ठी उघडली आणि वाचली, "हिच्या लग्नात भटजी म्हणतील 'सावधान', आणि ही आंतरपाटाआडून विचारेल, 'नक्की कशापासून?'"

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. माझ्या बायोडाट्यात घालावी अशी पहिली खरी ओळ कोणीतरी फुकटात लिहून दिली होती, आणि मी मात्र कॅफेवाल्याला पैसे मोजून मनमिळाऊ झाले होते. ती चिठ्ठी कोणी लिहिली, ते मला अजून माहीत नाही. पण 'नक्की कशापासून' या प्रश्नावर माझं घर १८ वर्षं चाललंय.

बक्षीस मिळालेल्यांचं अभिनंदन. न मिळालेल्यांनी काय अडलं ते शोधा, तीही एक ओळ होईल.