पाण्याची पाळी आणि अध्यक्षाचा विवेक
(पाणी वापर संस्थांच्या पदाधिकाऱ्यांसमोर केलेले भाषण)



आपण सर्वजण आपापल्या पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष, संचालक किंवा सचिव आहात. चारी दुरुस्ती, पाणी मोजणी, दप्तर हे विषय विद्यापीठातील तज्ज्ञ तुम्हाला समजावून सांगतीलच. मला नेतृत्वाविषयी बोलावयास सांगितले आहे. मी काही विद्वान नाही. अकरा वर्षे एका संस्थेचा अध्यक्ष होतो. त्या काळात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. तिच्यातून जे शिकलो, तेवढेच आज सांगणार आहे.

एका रात्रीचे पाणी

२०१२ साली पाऊस कमी झाला. रब्बीला दोनच आवर्तने मिळणार होती. पहिले आवर्तन सुटले तेव्हा शेपटाकडील खातेदारांचा गहू वीस दिवसांचा होता. चारीच्या मुखाशी माझ्या चुलतभावाचा ऊस. त्याची पाळी होऊन गेली होती. रात्री अकरा वाजता तो घरी आला. म्हणाला, "दादा, अर्धा ऊस कोरडाच राहिला. आजची रात्र पाणी दे." घरचा माणूस, दारात उभा. मी पाटकऱ्याला निरोप दिला आणि झोपलो.

आता हिशेब पाहा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, म्हणजेच तासाला सुमारे १०० घनमीटर पाणी. सहा सेंटिमीटरची एक पाळी द्यावयाची तर हेक्टरी ६०० घनमीटर लागते. चारीतील गळती सोडून दिली तरी हेक्टरला सहा तास. मी दिले बारा तास. म्हणजे दोन हेक्टर गव्हाचे पाणी मी एका निरोपात उचलून दिले. आवर्तन बंद झाले तेव्हा शेपटाचे पाच एकर कोरडेच होते.

पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी गव्हाला मुकुटमुळे फुटतात. त्या वेळी ताण बसला की फुटवे कमी येतात, आणि नंतर कितीही पाणी दिले तरी ते भरून निघत नाहीत. त्या खातेदारांना निम्मा उतारा मिळाला. ते भांडले नाहीत. फक्त पाणीपट्टी भरावयास आले नाहीत. मी वसुलीला गेलो तेव्हा एक वयस्कर खातेदार एवढेच म्हणाले, "पाणी देताना आमची आठवण झाली नाही, वसुलीला बरी झाली." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

विवेक म्हणजे काय?

दोन्ही मागण्या खऱ्या होत्या. उसालाही पाणी हवे होते, गव्हालाही हवे होते. परंतु भारी जमिनीतला, वाढीला लागलेला ऊस डिसेंबरच्या थंडीत आठ दिवस दम धरू शकतो. वीस दिवसांचा गहू धरू शकत नाही. कोण थांबू शकतो आणि कोण थांबू शकत नाही, हे ओळखणे म्हणजेच विवेक. भुईमुगाला आऱ्या सुटण्याची वेळ, हरभऱ्याला घाटे भरण्याची वेळ अशीच नाजूक असते. पिकांच्या या अवस्था अध्यक्षाला पाठ असाव्यात. नसतील तर विचारण्यात कमीपणा मानू नये.

दुसरी गोष्ट अशी की, दारात आलेला माणूस दिसतो, न आलेला दिसत नाही. त्या रात्री शेपटाचे खातेदार झोपेत होते, म्हणून मला फक्त चुलतभाऊ दिसला. तेव्हापासून मी एक नियम पाळला. चारी फुटली, कोणाच्या घरात पाणी शिरले, तर निर्णय तत्काळ. बाकी कोणतीही मागणी रात्री मंजूर करावयाची नाही. सकाळी दोन संचालकांसमोर ठेवावयाची, त्यांतला एक शेपटाचा असलाच पाहिजे. २००५ च्या कायद्याने संचालक मंडळात मुख, मध्य आणि शेपूट या तिन्ही भागांना जागा दिल्या आहेत, त्या केवळ कागदावर राहू देऊ नयेत.

समतोल

समतोल म्हणजे सर्वांना सारखे, असे आपण समजतो. पण सारखे कशाच्या प्रमाणात? कै. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचे काम उभे केले. तेथे पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या प्रमाणात दिले. माणशी अर्धा एकर, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही हक्क दिला. उसाला पाणी नाही. खर्चाचा काही वाटा मात्र लाभधारकांनी उचलावयाचा. हक्क देतानाच जबाबदारीही दिली, म्हणून तो समतोल टिकला. आपल्या कालव्यावर सगळे नियम जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तथापि, टंचाईच्या वर्षी वाटपाचे माप काय असावे, हा प्रश्न पाणी सुटण्यापूर्वीच सभेत ठरवावा. पाणी वाहू लागल्यावर कोणी कोणाचे ऐकत नाही.

मागे वळून पाहणे

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावात पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि त्यानुसार पिके ठरवितात. पैशाचा हिशेब आपण दरवर्षी तपासून घेतो, मग निर्णयांचा का नाही? आवर्तन संपले की आठ दिवसांत बसावे आणि तीन गोष्टी वहीत लिहाव्यात :

१) कोणाला पाळीबाहेर पाणी दिले, आणि का?
२) कोणाचे शिवार कोरडे राहिले?
३) तीच वेळ पुन्हा आली तर काय कराल?

पुढच्या वार्षिक सभेत मी माझी चूक उभा राहून सांगितली. चुलतभाऊ वर्षभर बोलला नाही. पण सभेने ठराव केला की पाणी शेपटाकडून मुखाकडे द्यावयाचे आणि अध्यक्षाच्या शेताची पाळी शेवटी. दिलेल्या पाण्याचे तास फळ्यावर रोज लिहू लागलो. पुढे दोन वर्षांत थकबाकी वसूल झाली. त्या खातेदारांचा गहू मात्र परत आला नाही. तो माझ्या नावावर कायमचा मांडलेला आहे.

बंधूंनो आणि भगिनींनो, अध्यक्षपद हे मुखाशी असलेल्या शेतासारखे आहे. पाणी आधी आपल्याजवळ येते. ते पुढे जाऊ द्यावयाचे की अडवावयाचे, हे आपल्या हाती असते. यंदा आवर्तन सुटेल, तेव्हा एकदा चारीच्या शेवटापर्यंत पायी जाऊन या, एवढीच माझी विनंती आहे.