पिस्टन वर दोनदा येतो!



सुरगाण्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना जुन्या पेट्रोल गाडीचे दुखणे वेगळे सांगायला नको. नार आणि पार या नद्या जिथे उगम पावतात, त्या डोंगरांत जूनमध्ये ढग उतरले की हवेतच पाणी असते. रात्रभर अंगणात उभी असलेली गाडी सकाळी नुसती कुरकुरते, सुरू होत नाही. बॅटरी चांगली, पेट्रोल भरपूर, तरी इंजिन गप्प. अशा वेळी पुष्कळदा दोष निघतो तो एका मूठभर वस्तूत. तिचे नाव डिस्ट्रिब्युटर. आपले मिस्त्री लोक तिला ‘डेल्को’ म्हणतात.

हे नाव मोठे गमतीचे आहे. अमेरिकेत डेटन शहरात चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरने १९०९ साली एक कंपनी काढली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचे झाले ‘डेल्को’. बॅटरीच्या जोरावर ठिणगी पाडण्याची त्याची रचना १९१०च्या कॅडिलॅक गाडीत बसली. पुढे आपल्याकडच्या अँबॅसडर, पद्मिनी आणि जीप गाड्यांतही त्याच तत्त्वाची रचना आली. डबा कोणत्याही कंपनीचा असो, गॅरेजात तो डेल्कोच!

या डब्याची कामे दोन. आतले पॉइंट उघडतात तेव्हा कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब तयार होतो, हे पहिले काम. तो करंट मधला रोटर फिरून पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटून देतो, हे दुसरे. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर तेवढ्या वेळात चार हजार ठिणग्या पडतात. त्यातली प्रत्येक ठिणगी नेमक्या क्षणी पडावी लागते.

हा ‘नेमका क्षण’ मला कसा शिकावा लागला, ते सांगतो. गोष्ट १९९७ सालच्या पावसाळ्याची. सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर पेट्रोलवर चालणारा एक जुना छोटा ट्रक होता. दिवसा नागली, भात, सिमेंटच्या गोण्या वाहायचा, आणि रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचे झाले तर आसपासच्या पाड्यांना तेवढाच आधार. त्याच्या डेल्कोची दांडी झिजून हलू लागली होती. मालकाने नाशिकहून दुसरा डेल्को आणला आणि मला म्हणाला, “भाऊ, एवढा बसवून दे.” मी तेव्हा काम नुकताच शिकलो होतो. अंगात उत्साह भारी. जुना डेल्को भराभर खोलला, खूण कसलीच केली नाही. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर आणला, नवा डेल्को बसवला, वायरी जोडल्या. सेल्फ मारला, तर कार्ब्युरेटरमधून फटाका फुटल्यासारखा आवाज आणि आगीचा भपकारा. चार तास खटपट केली, तेच.

त्याच रात्री शेजारच्या पाड्यावरून बाळंतपणासाठी बोलावणे आले. ट्रक माझ्या हातून बंद पडलेला. माणसांनी घोंगडीची डोली केली आणि बाईला भर पावसात डांबरी रस्त्यापर्यंत खांद्यावरून नेले. तिथे एक जीप मिळाली. बाई आणि बाळ दोघे सुखरूप राहिले, ही देवाची कृपा. मालक मला एका शब्दाने बोलला नाही. तो बोलला असता तर बरे झाले असते.

सकाळी गावातले एक म्हातारे मिस्त्री आले. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “अरे, पिस्टन वर दोनदा येतो. तू कोणता धरलास?”

सगळी चूक त्या एका प्रश्नात होती. चार टप्प्यांच्या इंजिनात क्रँक दोन फेरे घेतो, तेव्हा डेल्को एक घेतो. पिस्टन एकदा वर येतो तो पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दाबत, आणि दुसऱ्यांदा येतो तो धूर बाहेर ढकलत. मी दुसरा धरला होता. मिश्रण आत घेणारा व्हॉल्व्ह उघडण्याच्या सुमाराला ठिणगी पडत होती, म्हणून कार्ब्युरेटर आग ओकत होता.

मग चाचांनी जे करून दाखवले, ते असे. जुना डेल्को काढण्याआधी रोटर कुठे बघतो आणि डबा कसा बसला आहे, याची खडूने खूण करायची. वायरींना नंबर द्यायचे. नवा डेल्को जुन्याशेजारी ठेवून खालचे टोक, लांबी आणि रोटर फिरण्याची दिशा जुळते का, ते पाहायचे. मग गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चावी बंद. पहिला प्लग काढून भोकावर अंगठा धरायचा आणि दुसऱ्याला हँडल हळूहळू फिरवायला सांगायचे. हवा अंगठा ढकलू लागली की तो कॉम्प्रेशनचा टप्पा. तसेच पुढे जाऊन पुलीवरची किंवा फ्लायव्हीलवरची टायमिंगची खूण जुळवायची. आता रोटर ज्या टोकाकडे बघतो, ती पहिल्या प्लगची जागा. तिथून रोटर फिरण्याच्या दिशेने बाकीच्या वायरी. जीपच्या हरिकेन इंजिनात हा क्रम १-३-४-२ असा असतो. महिंद्राने १९६५ साली काढलेला एफसी-१५० ट्रक जीपचाच भाऊबंद.

या इंजिनात पॉइंटमधले अंतर पूर्ण उघडल्यावर वीस थाऊ, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर ठेवतात, आणि ठिणगी पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या पाच अंश आधी. ती जुळवायला महागडे यंत्र लागत नाही. बारा व्होल्टचा एक दिवा कॉइलच्या डेल्कोकडच्या टोकाला आणि बॉडीला जोडायचा. खूण पाच अंशांवर ठेवून चावी चालू करायची आणि डेल्कोचा डबा सावकाश फिरवायचा. दिवा पेटला तो पॉइंट उघडण्याचा क्षण. तिथेच पट्टी आवळायची, चावी बंद करायची. इतर इंजिनांचे आकडे वेगळे असतात, ते त्यांच्या पुस्तकात पाहावेत.

एक सूचना मात्र विसरू नका. ठिणगी फार लवकर पडली तर सुरू करताना हँडल उलटा झटका देते आणि मनगट मोडते. म्हणून अंगठा नेहमी बोटांच्याच बाजूला ठेवावा. शेवटची परीक्षा घाटात. भरलेल्या गाडीने चढावर खडखड आवाज केला तर ठिणगी लवकर पडते आहे. गाडी मरगळून तापली तर उशिरा.

आणि पावसाळ्याचे काय? डेल्कोची टोपी आतून कोरड्या फडक्याने पुसावी. उजेडात धरून बारीक तडा किंवा काळी रेघ आहे का, ते पाहावे. ती रेघ म्हणजे करंटने शोधलेली चोरवाट. अशी टोपी बदलण्यावाचून इलाज नाही.

आता नव्या गाड्यांत डेल्को राहिलेला नाही. तिथे ठिणगीचा हिशेब संगणक ठेवतो. जुन्या गाड्याही पुष्कळशा भंगारात गेल्या. पण चाचांचा प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला आहे. कुठल्याही कामात सगळे बरोबर दिसते आहे आणि तरी गाडी उलटी फुरफुरते आहे, असे झाले की मी थांबतो, हात पुसतो आणि स्वतःला विचारतो : पिस्टन वर दोनदा येतो, मी कोणता धरला?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)