संशोधनालाही मजुरी असते
(नगर येथे तरुणांपुढे केलेलं भाषण)

दोस्तांनो,

मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत माल उचलतो, कविता करतो. गाव पारनेर तालुक्यातलं. हद्दीपलीकडं, जुन्नरच्या खोडदला अन् आसपास ३० तबकड्या उभ्यात, एकेक ४५ मीटर रुंद. आभाळातले रेडिओ तरंग टिपतात. आई त्या बाजूला कांदा खुरपायला जायची. आत काय चालतं, विचारायची हिंमत झाली नाही.

उशिरा कळलं, तिथल्यासारखं संशोधन करणाऱ्या पोरांना दरमहा पैसे मिळतात! एम.एस्सी.ला आपल्याला ५० टक्के पुरतात. मग सीएसआयआर-नेट, विषय भौतिकशास्त्र. नुसतं पास होऊन भागत नाही, जेआरएफच्या यादीत नाव लागावं लागतं. लागलं की २०२३च्या दरानं दोन वर्षं महिना ३७,०००. काम पसंत पडलं तर पुढं ४२,०००. ही भीक नाही, डोक्याची मजुरी आहे. १९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले तेही बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर.

मला एक मास्तर म्हणाले, "तुमचं काम पाठीचं." मी ऐकलं. तुम्ही ऐकू नका. बी.एस्सी.च्या पोरापोरींनो, घरी हा आकडा सांगा. पैसे रखडवले तर रस्त्यावर उतरू. आणि फॉर्मची फी नसली तर कळवा, गोदीत वर्गणी काढतो.

जय भीम!