होतकरू खेळाडूची पारख
१९५१ सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्क जायंट्स या बेसबॉल संघाने मिनिआपोलिसच्या दुय्यम संघातून विली मेज या २० वर्षांच्या सीमारक्षकास बोलावून घेतले. तेथील ३५ सामन्यांत शंभर संधींमागे सुमारे ४८ यशस्वी फटके, असे त्याचे प्रमाण होते. फटक्यातील अचूकपणा, ताकद, धाव, झेल आणि फेक या पाचही कसोट्यांना तो उतरला होता. परंतु वरच्या दर्जाच्या सामन्यांत पहिल्या १२ संधी वाया गेल्या. आता भरवसा आकड्यांवर ठेवावयाचा, की पाहिलेल्या गुणांवर? व्यवस्थापक लिओ ड्युरोशर यांनी त्याला संघात कायम ठेवले. त्याच वर्षी तो नॅशनल लीगमधील सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू ठरला. पारख करणाराला नजर हवी. आणि त्या नजरेवर विसंबून थांबण्याचा धीरही हवा.