शाओलिनची काठी आणि बोधिधर्माची कथा

(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



शारीरिक शिक्षणाच्या तासाला अलीकडे मुले एक प्रश्न हमखास विचारतात. चित्रपटांतून त्यांनी मुंडन केलेले चिनी भिक्षू काठी फिरविताना आणि हवेत झेपा घेताना पाहिलेले असतात. कोणीतरी त्यांना असेही सांगितलेले असते, की ही विद्या मूळची आपलीच. दक्षिण भारतातून बोधिधर्म नावाचा साधू चीनमध्ये गेला आणि त्याने ती तेथील भिक्षूंस शिकविली. मुले विचारतात, "गुरुजी, हे खरे का?" या प्रश्नास "होय" म्हणणे सोपे आहे. ऐकणाऱ्याची छाती फुगते, सांगणाऱ्यासही बरे वाटते. परंतु शिक्षकाच्या तोंडून निघालेले "होय" मुलाच्या मनात पन्नास वर्षे राहते. ते उच्चारण्यापूर्वी शाओलिन मठाचा इतिहास काय सांगतो हे आपण पाहून घ्यावे, एवढ्यासाठीच मी आपला वेळ घेत आहे.

चीनच्या मध्यभागी होनान नावाचा प्रांत आहे. पीत नदी त्यातून वाहते. त्या प्रांतात सोंगशान ही पर्वतरांग असून तिच्यातील शाओशी शिखराच्या पायथ्याशी हा मठ वसला आहे. शाओशीचे वन, म्हणून शाओलिन. उत्तर वेई राजवंशाचा सम्राट शिआओवेन याने इ. स. ४९५-४९६ च्या सुमारास तो बांधविला, आणि बांधविला तो एका भारतीय भिक्षूसाठी. चिनी ग्रंथांत त्याचे नाव बातुओ असे येते. मूळ नाव भद्र किंवा बुद्धभद्र असावे, असे विद्वान मानतात. तेव्हा मठाच्या जन्माशी भारताचे नाते आहे, यात संशय नाही. मात्र बातुओ शिकवीत असे तो ध्यानमार्ग. युद्धविद्येशी त्याचे नाव जोडणारा पुरावा नाही.

बोधिधर्म यानंतर तीसएक वर्षांनी आला, असे परंपरा सांगते. मठाच्या वरच्या डोंगरात एक गुहा आहे. तेथे तो नऊ वर्षे भिंतीकडे तोंड करून बसला, अशी कथा आहे. ध्यानसंप्रदायाचा आद्य गुरू म्हणून चीन आणि जपान या दोन्ही देशांत त्याचा मोठा मान आहे. पण त्याच्याविषयी जे जुने लेखन आहे त्यात व्यायामाचा, मुष्टीचा किंवा काठीचा एक शब्दही नाही. तो शब्द येतो सुमारे अकराशे वर्षांनंतर! 'यीजिनजिंग', म्हणजे 'स्नायुपरिवर्तनाचे सूत्र', नावाचा एक ग्रंथ आहे. तो एका ताओपंथी लेखकाच्या हातचा असून त्याचा काळ १६२४ हा धरला जातो. त्यात अशी हकीकत आहे, की बोधिधर्माने मागे एक लोखंडी पेटी ठेविली होती आणि भिंतीची दुरुस्ती करताना भिक्षूंस ती सापडली. तिच्यात हे सूत्र होते. ग्रंथास ६२८ सालची म्हणून एका सेनापतीची प्रस्तावनाही जोडलेली आहे. या सेनापतीस हा ग्रंथ ज्या दाढीवाल्या वीराने दिला असे ती प्रस्तावना म्हणते, तो वीर म्हणजे एका प्रसिद्ध चिनी कथेतील पात्र होय. कथेतल्या माणसाने खऱ्या माणसास पोथी दिली! अठराव्या शतकातील चिनी पंडितांनीच या बनावाची थट्टा केली. पुढे तांग हाओ या संशोधकाने १९३० मध्ये शाओलिनविषयक दंतकथांची कसून तपासणी करून त्यांतील फोलपणा दाखवून दिला. परंतु तोवर कथा लोकांच्या कादंबऱ्यांत आणि तालमींत जाऊन बसली होती, आणि तेथून तिला हालविणे कोणासच साधले नाही.

मग भारतातून त्या मठात काही गेलेच नाही का? गेले, आणि मला तर ते बोधिधर्माच्या कथेपेक्षा अधिक मनोरंजक वाटते. तेथे आपल्याकडील देवता गेल्या. बुद्धाचा रक्षक वज्रपाणि हा बळाचा दाता म्हणून तेथे पूजिला जाई. बातुओचा शिष्य सेंगचोऊ याच्याविषयी तांग राजवंशाच्या काळातील एक गोष्ट आहे. तो लहानपणी अशक्त होता, आणि बरोबरीचे पोरगे कुस्ती खेळताना त्यास छळीत. शेवटी तो वज्रपाणीच्या मूर्तीपाशी जाऊन बसला आणि देवाकडून त्याने बळ मिळविले. ज्या गुरुजींनी वर्गातील दुबळ्या मुलाचे हाल पाहिले आहेत, त्यांस ही गोष्ट परकी वाटणार नाही. दुसरा देव किन्नर. आपल्याकडे किन्नर म्हणजे स्वर्गातील गवई. शाओलिनमध्ये मात्र तो स्वयंपाकघरात काम करणारा एक गडी झाला आहे. १५१७ सालच्या एका शिलालेखात त्याची कथा कोरलेली आहे आणि तीत त्यास नारायण म्हटले आहे. १३५१ मध्ये बंडखोरांनी मठास वेढले असता हा गडी चुलीतील लाकूड ढोसण्याची काठी घेऊन बाहेर पडला, त्याने पर्वताएवढे रूप धारण केले आणि शत्रू पळाले, असे ती कथा सांगते. प्रत्यक्षात त्या धामधुमीत मठाची मोठी हानी झाली आणि भिक्षूंसच पळावे लागले. हरलेल्या लढाईची आठवण लोक पुष्कळदा अशीच ठेवितात.

आता खात्रीच्या इतिहासाकडे वळू. सुई राजवंश कोसळल्यावर देशभर लूटमार माजली. मठाजवळ मोठ्या जमिनी होत्या आणि लुटारूंनी एकदा मठास आगही लाविली होती. ६२१ मध्ये वांग शिचोंग या सत्ताधाऱ्याविरुद्ध ली शिमिन हा राजपुत्र लढत असता शाओलिनच्या भिक्षूंनी आपल्या जहागिरीचे मोक्याचे ठाणे काबीज केले आणि वांगच्या पुतण्यास पकडून राजपुत्राच्या हवाली केले. त्यासाठी जमीन आणि पाणचक्की बक्षीस मिळाली. मठात ७२८ साली उभारलेला शिलालेख आजही आहे. राजपुत्राचे पत्र आणि तेरा भिक्षूंची नावे त्यावर आहेत. परंतु हे तेरा जण कोणती विद्या शिकले होते, याविषयी शिळा मौन पाळते. हाच ली शिमिन पुढे सम्राट ताईत्सुंग झाला. महाराष्ट्र पाहून गेलेला ह्युएनत्संग ६४५ मध्ये स्वदेशी परतला, तेव्हा शाओलिनमध्ये बसून भाषांतराचे काम करू द्यावे, अशी विनंती त्याने याच सम्राटास केली होती. सम्राटाने ती मानली नाही. पंडित राजधानीतच हवा होता.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. प्राणिहत्या न करण्याचे व्रत घेतलेल्या भिक्षूने शस्त्र उचलावे काय? शाओलिनने या प्रश्नाचे उत्तर ग्रंथातून दिले नाही, परंतु त्याचे मुख्य आयुध पाहिले तर काही उमज पडतो. ते आयुध काठी. काठीस धार नसते, आणि प्रवासी भिक्षूच्या हाती ती असतेच. तथापि काठीनेही माणूस मरतो. १५५३ मध्ये चीनच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्री चाच्यांचा उपद्रव वाढला, तेव्हा लढवय्या भिक्षूंची तुकडी त्यांच्यावर पाठविण्यात आली. तीत शाओलिनचेही भिक्षू होते. सुमारे १२० भिक्षूंनी चाच्यांच्या एका टोळीचा दहा दिवस पाठलाग करून तिचा निःपात केला. त्यात एका चाच्याची निःशस्त्र बायकोही एका भिक्षूच्या लोखंडी काठीने मारली गेली. चित्रपटांत हा प्रसंग येत नाही. मोठ्या मुलांशी बोलताना आपण तो वगळू नये, असे माझे मत आहे.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटणारी हकीकत यानंतर सातआठ वर्षांची आहे. यू तायू नावाचा एक नामांकित सेनापती होता. काठीच्या विद्येवर त्याने एक ग्रंथ लिहिला आहे. त्याचे नाव 'तरवारसूत्र'. आत सगळी काठी! १५६० च्या सुमारास उत्तर सरहद्दीवरून दक्षिणेकडे जाताना तो शाओलिनची कीर्ती ऐकून मुद्दाम वाट वाकडी करून मठात गेला. भिक्षूंनी त्यास आपली करामत दाखविली. सेनापतीने ती पाहिली आणि मठाधिपतीस स्पष्ट सांगितले, की आपली कला नावाजलेली खरी, पण तिचे जुने मर्म येथे हरवले आहे. हजार वर्षांचा मठ, आणि समोर एक पाहुणा असे बोलतो! आपल्या शाळेत येऊन कोणी असे म्हटले, तर आपण काय करू? मठाधिपतीने वाद घातला नाही. त्याने, हरवले असेल तर शिकवा, अशी विनंती केली. त्यावर सेनापती म्हणाला, की हे एका दिवसाचे काम नव्हे. मग त्सोंगचिंग आणि पूत्सोंग हे दोन तरुण भिक्षू निवडण्यात आले, आणि ते तीन वर्षांहून अधिक काळ सेनापतीच्या छावणीत राहून शिकले. नंतर ते मठात परतले आणि शिकलेले इतरांस शिकवू लागले. १५७७ मध्ये त्सोंगचिंग पेकिंग येथे वृद्ध सेनापतीच्या दारी पुन्हा आला, तेव्हा सेनापतीने त्यास आपला ग्रंथ दिला. ही हकीकत सेनापतीने स्वतः लिहिलेली असल्यामुळे तीत थोडी आत्मस्तुती असेलही. पण मठाने बाहेरच्याकडून विद्या घेतली हे यावरून दिसते. सतराव्या शतकाच्या आरंभी चंग त्सोंगयू या गृहस्थाने मठात दहा वर्षांहून अधिक काळ राहून शाओलिनच्या काठीवर सचित्र ग्रंथ लिहिला, तोवर तिचा दबदबा देशभर झाला होता.

मुष्टियुद्ध त्या मानाने उशिरा आले. काठीत एवढे नाव असता भिक्षू आता मुष्टीचा अभ्यास का करितात, असा प्रश्न चंगच्याच ग्रंथात आहे. मुष्टीची कला अजून देशात पुरती रुजलेली नाही, ती पूर्णत्वास न्यावी, असा त्याचा आशय देतो. म्हणजे जी विद्या येते तिच्यावर न थांबता जी नीट येत नाही ती हाती घेणे आले. 'कुंग-फू' या शब्दाचा मूळ अर्थही असाच आहे. वेळ आणि श्रम खर्चून मिळविलेले कौशल्य, एवढाच तो अर्थ. उत्तम स्वयंपाक्याचे, सुताराचे किंवा लेखनिकाचे कौशल्यही कुंग-फूच. शिकणारा आधी घोड्यावर मांड ठोकल्याप्रमाणे गुडघे वाकवून उभे राहावयास शिकतो. उड्या पुष्कळ नंतरच्या. झेपा पाहून भारावलेल्या मुलांस आपण प्रथम असे दोन मिनिटे उभे करावे. पुढचे प्रश्न आपोआप कमी होतात.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. मांचू राजवटीत सरकारची नजर संशयाची होती. १८२८ मध्ये लिनचिंग नावाचा मांचू अधिकारी मठात आला, तेव्हा भिक्षूंनी आपणांस काही येत नाही असे सांगितले. त्याने अभय दिल्यावर मात्र खेळ करून दाखविले. १९२८ मध्ये लष्करी सरदारांच्या आपसातील लढाईत शी यूसान याच्या सैन्याने मठ जाळला. अनेक जुनी दालने आणि ग्रंथांचा मोठा संग्रह त्यात गेला. १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात मठ जवळजवळ ओस पडला. १९८२ मध्ये 'शाओलिन मठ' हा चित्रपट निघाला आणि जगभरातून तेथे रीघ लागली. भोवती खाजगी व्यायामशाळांचे गावच्या गाव उभे राहिले. २०१० मध्ये युनेस्कोने तेथील वास्तूंस जागतिक वारशाच्या यादीत घेतले. बाजार भरला की आरडाओरडाही होतो, आणि तोही तेथे पुष्कळ झाला आहे.

आगीतून एक जुने दालन वाचले. त्याच्या फरसबंदीत ओळीने ४८ खळगे पडलेले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षूंनी त्याच जागी पाय आपटून अभ्यास केल्याने ते पडले, असे मठात सांगतात. चौथीच्या मुलांस हे खळगे फळ्यावर काढून दाखवावेत आणि ते कसे पडले असतील, हे त्यांनाच विचारावे. बोधिधर्माचा प्रश्न ज्या मुलाने काढला असेल, त्यास पहिल्याने बोलू द्यावे.