बाबाशाही रुपया आणि लिलावाची सूची

(ग्रंथालयाच्या सभासदांपुढे दिलेले भाषण)



जुनी नाणी, नोटा आणि तिकिटे यांचे प्रदर्शन भरले की बडोद्यात गर्दी लोटते. लोक काचपेटीवर वाकून पाहतात, मुलांना दाखवतात. मग लिलाव होतो आणि जे दोन-तीन दिवस एका छपराखाली सर्वांचे होते, ते अनेक घरांत पांगते. लिलावाला माझा विरोध नाही. संग्राहक नसते तर यातील पुष्कळसा ऐवज सोनाराच्या मुशीत केव्हाच गेला असता. परंतु या व्यवहारात एक गोष्ट हातोहात हरवते आणि तिचा संबंध ग्रंथालयाशी आहे, म्हणून आज हा विषय घेतला.

गायकवाडी रुपये शेजारी-शेजारी मांडलेले पाहावेत. खंडेराव महाराजांचा (1856 ते 1870) रुपया हातोड्याने ठोकून पाडलेला, कडा ओबडधोबड, मजकूर फारसी, त्यात 'खा. गा.' एवढीच काय ती नागरी अक्षरे. दिल्लीचे तख्त नाहीसे झाल्यावर बादशहाच्या नावाच्या जागी 'सेनाखासखेल समशेरबहादूर' हा गायकवाडांचा किताब आला. मल्हाररावांच्या नाण्याची घडण तीच, अक्षरे तेवढी निराळी. आणि मग तिसऱ्या सयाजीरावांचा संवत 1948चा, म्हणजे 1891-92चा रुपया पाहावा. तो यंत्रावर पाडलेला, वाटोळा, त्यावर महाराजांची पगडीधारी मुद्रा आणि भोवती नागरीत नाव. वीस-बावीस वर्षांत हातोडा गेला, फारसी गेली आणि राजाचा चेहरा रयतेच्या मुठीत आला. राज्यकारभाराच्या अहवालांत जे पानोपानी सांगितले आहे, ते या काचपेटीत एका नजरेत कळते.

याच रुपयाला आपले पूर्वज बाबाशाही म्हणत आणि इंग्रजी रुपयाला कलदार. बाबाशाहीवर बट्टा असे. 1893 मध्ये इंग्रज सरकारने आपल्या टांकसाळी खासगी चांदीला बंद केल्या. त्यामुळे कलदाराचे मोल त्यातील चांदीहून वर राहिले, आणि बाबाशाही मात्र चांदीच्या भावाबरोबर हेलकावे खाऊ लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी बडोदे सरकारने तो चलनातून काढून कलदार स्वीकारला. स्वतःच्या चेहऱ्याचे नाणे आवरते घेताना महाराजांना काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

लिलावात हेच रुपये निरनिराळे 'लॉट' होऊन जातात. बोली लागते ती प्रत्येकाच्या दुर्मीळपणाला आणि स्वच्छ छापाला. ते कोणाच्या घरातून आले, कोणत्या गावी एकत्र सापडले, हे कोणी विचारत नाही. तिकिटांच्या मेजावर तर याहून वाईट प्रकार दिसतो. भोरसारख्या लहान संस्थानाने 1879 मध्ये स्वतःची टपाल तिकिटे काढली. बडोद्याने काढली नाहीत. आपल्याकडे मिळतात ती कोर्ट फीची तिकिटे आणि छापाचे कागद. ती जुन्या दस्तांवरून कापून घेतात आणि खालचा मोडी किंवा गुजराती मजकूर रद्दीत जातो. दोन बोटांचे तिकीट राहते. जमिनीचा, वाटणीचा, कर्जाचा इतिहास जातो.

घरोघरीही थोडे चुकते. लक्ष्मीपूजनाचे रुपये आपण दरवर्षी चिंचेने घासून लखलखीत करतो. त्यात अक्षरेही झिजतात. माझ्या आजीच्या गळ्यातल्या एका सयाजीरुपयाला कडी डाखलेली आहे. एका जाणकाराने तो पाहून 'डाख आहे, किंमत नाही' म्हणून बाजूला सरकवला. मला तर ती कडीच मोलाची वाटते. राजाचा चेहरा या घराने कसा वागवला, ते तीच सांगते.

कायद्याचेही भान हवे. 1972च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि ते खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही. आपल्या देवघरातला सयाजीरुपया आता त्या वयाचा झाला आहे. जमिनीत दडवलेला ठेवा सापडला आणि तो दहा रुपयांहून अधिक किमतीचा असला, तर 1878च्या कायद्याप्रमाणे तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

आता ग्रंथालयाकडे वळतो. लिलाव झाल्यावर ते सगळे पुन्हा एकत्र दिसते ते फक्त छापील सूचीत: वजन, चित्र, वर्णन, अंदाजी किंमत. आठवडाभरात ही सूची लोक टाकून देतात. 1989 मध्ये माहेश्वरी आणि विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळी व नाण्यांवरील इंग्रजी ग्रंथ निघाला. असा ग्रंथ पुन्हा कोणाला करावयाचा झाला, तर त्याला पांगलेली नाणी या सूच्यांतूनच शोधावी लागतील. आपल्या ग्रंथालयाने त्यांसाठी एक कपाट द्यावे. आणि ज्या सभासदांजवळ जुनी नाणी आहेत, त्यांनी ती विकावीत वा ठेवावीत, पण ती घरात कोठून आली हे एका कागदावर लिहून येथे द्यावे.

माझ्याजवळच्या सूच्या मी आज कार्यालयात दिल्या आहेत. काहींच्या समासात मी प्रत्यक्ष लागलेल्या बोलींचे आकडे पेन्सिलीने टिपले आहेत. बांधणी करताना ते समास कापू नयेत, एवढी विनंती आहे.